लहान गावातल्या शाळेची बास्केटबॉल टीम नेमकी कशावर चालते?

पौडफाटा | ५ मार्च, रात्री १०.४०

काल आमच्या गावची टीम सेक्शनलच्या (राज्य स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याच्या) पहिल्याच मॅचला हरून घरी आली. तेव्हापासून डोक्यात भुणभुण चाललीय, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबसजवळ राहतो. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्य ऑफिस कोलंबसात असल्यामुळे तिथे पुणेकरांची कमी नाही. पण सहा वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं ते तिथून पंचवीस मिनिटांवरच्या एका खेड्यात. नाव देत नाही, उगाच कुणी ओळखलं तर किराणा दुकानात तोंड दाखवायची पंचाईत. दोन चर्च, एक पेट्रोल पंप, मक्याची उंच कोठारं आणि एक हायस्कूल, एवढंच गाव. नववी ते बारावी मिळून तीनशेच्या आत मुलं. आमचा धाकटा आठवीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच शाळेत.

हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी गावात दुसरं काही नसतं. सहाला ज्युनियर मुलांची मॅच, मग मोठ्यांची. भिंतीला दुमडून ठेवलेले लाकडी बाक कर्रकर्र करत बाहेर ओढले जातात, पॉपकॉर्नचा वास कपड्यांना चिकटतो, आणि ज्यांची मुलं कधीच शाळा सोडून गेली असे आजोबा वर्षानुवर्षं ठरलेल्या जागेवर येऊन बसतात. पहिल्या वर्षी मी नकळत अशाच एका जागेवर बसलो होतो. कुणी काही बोललं नाही, पण मला उठावंसं वाटलं!

आता मूळ प्रश्न. आमच्यापासून तीस मैलांवर तेवढंच गाव, तेवढीच शाळा, तशीच शेतकऱ्यांची आणि कारखान्यातल्या लोकांची पोरं. ती शाळा एक वर्षाआड सेक्शनल जिंकते. आमच्याकडच्या करंडकांच्या कपाटातला शेवटचा सेक्शनलचा करंडक मी इथे यायच्या कितीतरी आधीचा आहे. असं का?

कुणालाही विचारलं की मायलनची गोष्ट सांगतात. १९५४, मायलन हायस्कूल, विद्यार्थी १६१. राज्यातल्या सगळ्या शाळा, लहान-मोठ्या, तेव्हा एकाच स्पर्धेत. त्या वर्षी ७५१ होत्या. फायनलला समोर मन्सी सेंट्रल. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलन २६-२८ मागे, आणि बॉबी प्लम्प बॉल हातात धरून नुसता उभा राहिला. चार मिनिटांहून जास्त! मागे असताना! शॉट क्लॉक, म्हणजे ठराविक सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, तेव्हा नव्हताच. मग बरोबरी झाली आणि शेवटच्या क्षणी त्याच प्लम्पने शॉट मारला. ३२-३०.

सगळे तो एक शॉट सांगतात. कोच मार्विन वूड, वय फक्त २६, त्याचंही कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण वूड मायलनला आला १९५२ च्या शरद ऋतूत. त्याच्या हाती आलेली पोरं त्याआधीच तयार झाली होती. मार्क कोम्ब्स नावाच्या ज्युनियर हायच्या मास्तरांनी त्यांना सातवी-आठवीपासून एकत्र घोटवलं होतं. टीममधली चार पोरं तर पिअर्सव्हिल नावाच्या शेजारच्या वाडीतली, लहानपणापासून परसात एकाच बास्केटवर खेळलेली. वूडच्या आधीच्या कोचने परवानगी न घेता नवे पोशाख मागवले म्हणून त्याची नोकरी गेली. शाळांचं राजकारण तेव्हाही हेच होतं म्हणायचं.

म्हणून माझं मत असं, की टीम अकरावी-बारावीत बनत नाही. ती तिसरीत बनते, शनिवारी सकाळी. आणि ती बनते की नाही हे, जिमची चावी कुणाकडे आहे यावर ठरतं. शेजारच्या गावात तिसरी-चौथीच्या पोरांची शनिवारची लीग हायस्कूलचा कोच स्वतः घेतो आणि हायस्कूलची पोरं रेफरी असतात. सगळ्या वर्गांना एकच डिफेन्स आणि एकाच भाषेत हाका. आमच्याकडे सहा वर्षांत चार कोच झाले. प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि खालच्या वर्गांत काय शिकवतात हे एकालाही ठाऊक नव्हतं.

चुकत असेन तर सांगा.

---

शेंगदाणा | ५ मार्च, रात्री ११.०२

उंची. दुसरं काही नाही. आमच्याकडे पाच फूट सात इंचाला "बांधा चांगला आहे हो" म्हणतात.

---

पौडफाटा | ५ मार्च, रात्री ११.०९

@शेंगदाणा, प्लम्पच सहा फुटांच्या आसपास होता हो. शेजारच्या गावचा सेंटर सहा-तीन. आमचा सहा-पाच होता आणि हरला तोच.

---

तालीमवाला | ६ मार्च, सकाळी ७.१५

बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण चावीचा मुद्दा पटला. आमच्या पेठेतल्या तालमीत वस्ताद पहाटे चारला दार उघडायचे. आम्ही पोरं हौद्यातली माती उकरायला साडेचारला. वस्ताद गेले, चावी कमिटीकडे गेली, कमिटीने वेळ ठरवली सकाळी आठ. आठला शाळा असते! दोन वर्षांत तालमीत कॅरम आला. वाईट कुणीच नव्हतं, पण पहाटे उठणारा माणूस गेला.

---

सदू_अँडरसन | ६ मार्च, सकाळी ९.३०

पौडफाटा, लेख आवडला, पण तुम्ही मास्तरांना जरा जास्तच मार्क दिलेत.

मी इंडियानातल्याच अँडरसनला बारा वर्षं काढली. इथे विगवॅम नावाची हायस्कूलची जिम होती, जवळपास नऊ हजार खुर्च्या. हायस्कूलची! जनरल मोटर्सचे कारखाने चालू होते तोवर तिथे सीझन तिकीट मिळणं मुश्किल असायचं, असं जुने लोक सांगतात. कारखाने गेले, माणसं गेली, हायस्कुलं एकत्र केली, आणि २०११ मध्ये विगवॅमला कुलूप लागलं, कारण तापवायला आणि सांभाळायला पैसा नव्हता. तिथे कोच कमी पडले म्हणून असं झालं नाही. पगार गेला की जिम जाते.

दुसरं, मायलन १९५४ चं आहे. १९५९ च्या कायद्याने इंडियानातल्या लहान शाळा मोठ्या प्रमाणावर एकत्र केल्या गेल्या. ७५१ च्या जागी १९९७ साली स्पर्धेत राहिल्या ३८२. ज्या गावातली शाळाच गेली तिथे तिसरीतल्या पोरांना शनिवारी शिकवून काय उपयोग? नववीत ती पोरं पंधरा मैलांवरच्या मोठ्या शाळेच्या बाकावर बसणार. मी पाहिलेली अशी गावं आहेत, जिथे जुन्या शाळेची जिम आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं गोदाम आहे. आत फ्री थ्रोची रेघ अजून दिसते.

---

जयू_ब्लूमिंग्टन | ६ मार्च, दुपारी १२.४८

सदूकाका, एकत्रीकरणाची दुसरी बाजूही आहे ना.

फ्रेंच लिक आणि वेस्ट बाडन ही एकमेकांना चिकटलेली गावं, आणि दोघांचं हाडवैर. १९५७ मध्ये दोन्ही शाळा मिळून स्प्रिंग्ज व्हॅली झाली. लोकांना वाटलं आता मारामाऱ्या होणार. पहिल्याच सीझनला, १९५८ मध्ये, टीम राज्याच्या शेवटच्या चारांत पोचली! काल एकमेकांना गाढव म्हणणारे एका बाकावर बसले असतील. पुढे एनबीए (व्यावसायिक लीग) गाजवणारा लॅरी बर्ड याच शाळेतला, १९७४ ची बॅच. गंमत म्हणजे बर्डला पायाभूत गोष्टी घोटवून घेणारे जिम जोन्स त्याच्या शेवटच्या वर्षी कोच नव्हते, तेव्हा गॅरी हॉलंड होते. हा पौडफाटांच्याच बाजूचा मुद्दा झाला.

दुसरं उदाहरण बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्सचं. तीही १९७४ मध्ये एकत्र केलेली शाळा. तिथला स्टार खेळाडू डेमन बेली हेल्टनव्हिलचा, म्हणजे वळणावर ब्रेक दाबला नाही तर मागे पडेल एवढं गाव. १९९० ची फायनल इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये झाली, प्रेक्षक ४१,०४६. शाळकरी मॅचला! बेलीने शेवटी लागोपाठ पॉइंट काढून ती जिंकली आणि मग धावत प्रेक्षकांत आई-बाबांकडे गेला. नुसत्या हेल्टनव्हिलची शाळा राहिली असती तर तो तिथे पोचला असता का? मला शंका आहे.

अवांतर: सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना एका मॅचला नेलं. मॅच संपल्यावर म्हणाल्या, "सगळी पोरं एका बॉलमागे धावतात, दुसरा का नाही देत?" 😀

---

मीरा_डे_मॉइन | ६ मार्च, रात्री ८.२०

सगळे मुलांचंच बोलताय. इंडियानात मुलींची राज्य स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली, वॉर्सॉ शाळेने पहिली जिंकली. आमच्या आयोवात त्याच्या अर्धशतक आधीपासून मुलींची मॅच म्हणजे गावाची जत्रा असायची.

आयोवात मुलींचा खेळ सहा जणींचा होता. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेघ ओलांडायची नाही. बॉल हातात आला की दोनदाच टप्पा. ऐकायला विचित्र वाटतं, पण स्कोअर बघा. १९६८ ची फायनल, युनियन-व्हिटन विरुद्ध एव्हर्ली, जादा वेळेत ११३-१०७. एव्हर्लीच्या जेनेट ओल्सनचे ७६ पॉइंट आणि टीम हरली. युनियन-व्हिटनच्या डेनीस लाँगचे ६४ आणि टीम जिंकली. दोन्ही शाळा अगदी लहान गावांच्या. पुढच्या वर्षी डेनीसचं नाव सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या एनबीएच्या पुरुषांच्या टीमने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलं, लीगने ते रद्द केलं, ते वेगळं.

आता हे लहान गावांतच का रुजलं, ते ऐका. १९२५ मध्ये राज्याच्या क्रीडा संघटनेने मुलींची स्पर्धा सोडून द्यायचं ठरवलं. मुलींनी लोकांसमोर धावणं-घामाघूम होणं तेव्हा बऱ्याच शिक्षणवाल्यांना रुचत नव्हतं. मोठ्या शहरांच्या शाळांनी मान डोलावली. खेड्यांतल्या शाळांच्या प्रमुखांनी वेगळी संघटना काढली, फक्त मुलींची. त्यांच्या गावात मुली शेतावर पेंढ्या उचलत होत्या, दूध काढत होत्या. बॉल फेकल्याने त्या आजारी पडतील हे त्यांना कोण पटवणार?

आमच्या शेजारच्या आजी १९६५ च्या सुमारास गार्ड होत्या. त्यांनी आयुष्यात एकही बास्केट केली नाही, कारण गार्डला करताच येत नसे. तरी अजून गावात त्यांची ओळख "ती गार्ड" अशीच आहे. १९९३ मध्ये सहा जणींचा खेळ बंद झाला, पाच जणींचा आला. मुलींना पुढे कॉलेजात खेळता यावं म्हणून ते बरोबरच होतं. आजींना ते पटत नाही, आणि मी वाद घालत नाही.

तेव्हा माझं उत्तर: ज्या गावाला आपल्या पोरींना खेळवायची लाज वाटत नाही, तिथे बाक भरलेले राहतात. अर्धी मुलं वगळून लहान गावाचं भागत नाही.

---

शेंगदाणा | ६ मार्च, रात्री ८.३१

मीराताई, प्रतिसाद एक नंबर. उंचीचा मुद्दा मागे घेतो.

---

टिचकी | ७ मार्च, सकाळी १०.०५

एक साधा प्रश्न. "यशस्वी" म्हणजे काय ते कुणीच ठरवलेलं नाही.

इंडियानातच लुगूटी नावाचं गाव आहे, वस्ती तीन हजारांच्या आत. जॅक बुचर त्याच गावचा मुलगा, त्याच शाळेत ४५ वर्षं कोच राहिला, १९५७ ते २००२. ८०६ मॅच जिंकला. राज्याचं अजिंक्यपद? शून्य. १९७५ ला फायनलपर्यंत गेला, मॅरियनकडून हरला. लुगूटीला अजिंक्यपद मिळालं २०१२ मध्ये, तो निवृत्त झाल्यावर, आणि तेही लहान शाळांच्या गटात.

उलट मायलन. वूड १९५४ ची फायनल जिंकून लगेच न्यू कॅसलला निघून गेला. मायलनने त्यानंतर राज्य जिंकलेलं नाही. मग यशस्वी कोण? एक सुवर्णक्षण की पंचेचाळीस वर्षांच्या शुक्रवारच्या रात्री? "कोच टिकला की टीम टिकते" हा तुमचा सिद्धांत लुगूटीत बसतो, पण उदाहरण तुम्ही दिलंत मायलनचं, जिथून कोच पळाला!

---

पौडफाटा | ७ मार्च, दुपारी १.३०

@टिचकी, पकडलंत. पण माझ्या मते मायलनमध्ये टिकलेला माणूस वूड नव्हता, कोम्ब्स होता, खालच्या वर्गातला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला ८०६ हवेत. आमच्या गावाला विचारलं तर तेही बहुधा तेच म्हणतील. मात्र बारावीच्या पोरांना विचाराल तर एक शॉट मागतील.

गटांच्या बाबतीत: १९९७-९८ पासून शाळेच्या पटावरून चार गट झाले. स्वतः प्लम्पने याला कडाडून विरोध केला होता. इथे बाकावर हा विषय काढला तर आमच्याकडच्या भाऊबंदकीसारखं होतं. पण खरं सांगू? कोलंबसच्या ईशान्येला होप नावाचं गाव आहे, तिथल्या हाउझर शाळेने २००६ ला सर्वात लहान गटाचं अजिंक्यपद जिंकलं. तिथल्या माणसाला जाऊन सांगा की ते "खरं" अजिंक्यपद नव्हतं. मी नाही सांगणार.

---

नागपाडा_चौथी_गल्ली | ७ मार्च, रात्री ९.५५

लहान गाव म्हणजे दर वेळी मक्याचं शेतच असतं असं नाही. आमचं नागपाडा मुंबईच्या पोटात आहे, पण खेळापुरतं ते गावच. सिमेंटचं कोर्ट, भोवती इमारती, गॅलऱ्यांतून बघणारी माणसं. चुकीचा पास दिला तर तिसऱ्या मजल्यावरून शिवी यायची आणि ती बरोबर असायची. तिथून भारतीय संघाचे खेळाडू निघाले, अब्बास मुंतसिर तर कर्णधार होते, १९७० चा अर्जुन पुरस्कार. उंच पोरं शोधून आणली नव्हती. सिनियर पोरगा ज्युनियरला शिकवणार, हा अलिखित नियम होता.

इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अॅटक्स शाळेची गोष्ट वाचली तेव्हा ओळखीची वाटली. कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा, जिम इतकी लहान की घरच्या मॅच बाहेर खेळाव्या लागायच्या. पोरं घडली लॉकफिल्ड वसाहतीतल्या धुळीच्या कोर्टवर. १९५४ ला मायलनने ज्यांना हरवलं त्यांत ही टीमही होती, आणि त्यात पुढे एनबीए गाजवणारा, तेव्हा दहावीतला ऑस्कर रॉबर्टसन होता. पुढची दोन्ही वर्षं, १९५५ आणि ५६, अॅटक्सने राज्य जिंकलं. ५६ ला एकही मॅच न हरता. पण ५५ ला जिंकल्यावर शहराने त्यांना मधल्या चौकात नेहमीसारखा जल्लोष करू दिला नाही, मिरवणूक त्यांच्याच वस्तीकडे वळवली. मायलनचं सगळे सांगतात, हेही सांगत जा.

---

जयू_ब्लूमिंग्टन | ७ मार्च, रात्री १०.१०

+१. शेवटच्या ओळीला विशेष.

---

अश्विनी_केळकर्स_मॉम | ८ मार्च, सकाळी ६.५०

मोठ्या गोष्टी छान आहेत, पण मी एका चालू टीमची आई आहे, तर थोडं जमिनीवरचं.

आमच्या गावात टीम मोडली ती पालकांनी. दोन घरांचं जमत नव्हतं, कुणाच्या मुलाला किती मिनिटं खेळवलं यावरून. कोच गणिताचा मास्तर, साधा माणूस. रोज रात्री त्याला मेसेज. एका मॅचला तर एक बाबा वहीत मिनिटं लिहीत बसले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय, पेन्सिल कानाला. कोच तिसऱ्या वर्षी म्हणाला, मी आता फक्त गणित शिकवीन. गावात दहाच घरं असतात, त्यातली दोन भांडली तर वीस टक्के गाव भांडलं.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यातल्या बाहेरच्या क्लबच्या टीम. ज्यांना परवडतं ते पोराला शनिवार-रविवार शंभर मैलांवर नेतात. पोरगा चांगला होतो, यात वाद नाही, पण उरलेल्या चौघांशी त्याची ओळख सुटते. नोव्हेंबरात परत येतो तेव्हा पास देत नाही.

पौडफाटादादा, एक सल्ला. तुम्ही नवे आहात, आडनाव वेगळं आहे, तुम्ही मीटिंगमध्ये उठून "फीडर सिस्टीम" (खालच्या वर्गांपासून टीम घडवणं) वगैरे बोललात तर ऐकून घेतील आणि विसरतील. खाऊच्या खिडकीत उभे राहा आधी. मी दोन सीझन चिप्सच्या पुडीत खिमा आणि चीज घालून विकलंय. तिसऱ्या सीझनला मला विचारलं गेलं, "तुला काय वाटतं?"

---

सदू_अँडरसन | ८ मार्च, सकाळी ८.००

पेन्सिल कानाला!! मी त्या माणसाला ओळखतो. म्हणजे त्याला नाही, पण त्याच्यासारख्या चौघांना.

---

तालीमवाला | ८ मार्च, दुपारी २.२०

खिमा चिप्सच्या पुडीत? पाककृतीचा वेगळा धागा काढा ताई.

---

पौडफाटा | २३ मार्च, दुपारी ४.१५

धागा वर काढतोय, अपडेट द्यायला.

अश्विनीताईंचं ऐकून मीटिंगमध्ये बोललो नाही. थेट शाळेच्या सफाई कामगाराकडे गेलो, कारण चौकशी केल्यावर कळलं की शनिवारी जिमची चावी खरं तर त्यांच्याकडेच असते. साठीचे गृहस्थ, त्याच शाळेत खेळलेले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या: बाहेरचे बूट घालून लाकडावर पाय ठेवायचा नाही, आणि साडेदहाला बाहेर.

काल पहिला शनिवार झाला. तिसरी-चौथीची अकरा पोरं आली, त्यात चार मुली (मीराताई, नोंद घ्या). बास्केट आठ फुटांवर उतरवायचं हँडल गंजलं होतं, त्यात वीस मिनिटं गेली. आमचा धाकटा आणि त्याचे दोन मित्र रेफरी. एकाने शिट्टी इतक्या वेळा वाजवली की एक मुलगी रडली. हायस्कूलचे नवे कोच अजून ठरलेले नाहीत, त्यामुळे कुठला डिफेन्स शिकवायचा हे मलाही माहीत नव्हतं. नुसते दोन्ही हातांनी टप्पे घेतले.

साडेदहाला दिवे बंद करताना चावीवाल्या काकांनी विचारलं, पुढच्या शनिवारी बॉल किती काढून ठेवू? मी म्हटलं अकरा. ते म्हणाले, पंधरा काढतो.

---

शेंगदाणा | २३ मार्च, दुपारी ४.२२

रडली ती परत येणार आहे का?

---

पौडफाटा | २३ मार्च, दुपारी ४.४०

हो. तिच्या आईचा मेसेज आला, तिला शिट्टी हवीय.